'टिफिन', 'डबा' की 'मेस': खारघरच्या एका स्वयंपाकघराचा कीवर्ड-शोध

खारघर, कामोठे, नेरूळ या पट्ट्यात घरच्या स्वयंपाकघरातून डबे पुरवणारी कुटुंबं बरीच आहेत. त्यांची नेहमीची परिस्थिती घेऊन हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलं आहे. खारघर सेक्टर 12 मधलं एक जोडपं. फक्त शाकाहारी जेवण, रोज जास्तीत जास्त 60 डबे करण्याची ताकद, सध्या जातात 35. दुचाकीवरून पोहोचवणारा एक मुलगा. गुगलवर बिझनेस प्रोफाइल (नकाशावर आणि शोधात दिसणारी धंद्याची नोंद) आहे आणि एका पानाची वेबसाइट आहे, तिचं शीर्षक 'वेलकम टू अवर किचन'. जाहिरातीवर खर्च करायचा नाही, पैसे देऊन घ्यायचं साधनही नको. प्रश्न एवढाच की उरलेल्या 25 डब्यांची गिऱ्हाइकं गुगलवर काय टाइप करतात (हे शब्द म्हणजेच कीवर्ड) आणि त्यातल्या कोणत्या शब्दांवर आपण खरोखर दिसू शकतो.

हा 25 चा आकडा सुरुवातीलाच लक्षात ठेवायचा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. या घराला महिन्याला हजारो शोध होणारा शब्द नकोच आहे. महिन्यातून वीस जण शोधत असतील आणि त्यातल्या बहुतेकांना खरंच डबा लावायचा असेल, तर असे तीन-चार शब्द पुरेसे आहेत. फुकट साधनं नेमके असेच छोटे शब्द 'आकडा नाही' म्हणून बाजूला टाकतात. म्हणून साधनांकडून शब्द घ्यायचे, पण निर्णय मात्र शोधनिकालांचं पहिलं पान पाहून करायचा.

(लोक बहुतेक शोध रोमन लिपीत करतात. इथे ते सगळे देवनागरीत लिहिले आहेत.)

आधी व्हॉट्सॲप

पहिला तासभर कोणतंही साधन उघडायचं नाही. गेल्या तीन महिन्यांतल्या नव्या गिऱ्हाइकांचा पहिला मेसेज तेवढा उचलून गुगल शीटमध्ये जसाच्या तसा चिकटवायचा. नमुना असा:

'काकू, सेक्टर 35 ला डबा येईल का? भात नको, 4 पोळ्या आणि सुकी भाजी. महिन्याचे किती? रविवारी बंद असतं का?'

एवढ्या चार ओळींत ठिकाण, वस्तू, कालावधी, अट आणि शंका हे सगळं आलं. शीटमध्ये याच पाच गोष्टींचे रकाने करायचे. ठिकाणात सेक्टर 35, उत्सव चौक, पेठपाडा, निफ्टजवळ. वस्तूत डबा, टिफिन, मेस, पोळी-भाजी. कालावधीत महिन्याचा, ट्रायल, फक्त आठवडाभर. अटींमध्ये जैन, कमी तिखट, भात नको. हे रकाने एकमेकांशी जोडले की तीसेक बीजशब्द, म्हणजे पुढचा शोध जिथून सुरू करायचा ते शब्द, हातात येतात. 'पौष्टिक, स्वच्छ आणि सात्त्विक आहार' हे वेबसाइटवरचे शब्द एकाही मेसेजमध्ये नसतात. ते पानावर राहू द्यावेत, पण शीर्षकात त्यांना जागा देऊ नये.

गुगल स्वतः पुढे करतो ते शब्द

शोधपेटीत टाइप करताना खाली उघडणाऱ्या सूचना हे सगळ्यात स्वस्त आणि या कामासाठी सगळ्यात भरवशाचं साधन. त्या लोकांच्या खऱ्या शोधांवरून बनतात आणि ठिकाणानुसार बदलतात. म्हणून हे काम खारघरमध्येच, मोबाइलवर, इन्कॉग्निटो खिडकीत करावं. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर सूचना भलत्याच शहराच्या येतात, आणि स्वतःच्या खात्यातून शोधलं तर जुन्या शोधांची सावली पडते.

'टिफिन सर्व्हिस इन खारघर' लिहून जागा सोडायची आणि एकेक अक्षर टाकत जायचं. मग कर्सर अगदी सुरुवातीला नेऊन तेच. सुरुवातीला 'व्हेज', 'जैन', 'बेस्ट' असे शब्द जोडून येतात, शेवटी सेक्टर, भाव, 'फोन नंबर' असे. हाच फेरा 'डबा', 'मेस' आणि 'घरगुती जेवण' यांना लावायचा, आणि एकदा देवनागरी कळफलकावरही. मराठीत बोलून शोधणाऱ्यांची वाक्यं लांब असतात, 'खारघरमध्ये घरगुती डबा कुठे मिळेल' अशी. 'खारघर', 'खारघरमध्ये', 'खारघरमधील' ही रूपंही वेगवेगळी टाकून पाहावीत. रोमनमध्ये खारघरचा दुसरा एच गाळणारे पुष्कळ आहेत आणि डब्यात कोणी एक बी लिहितं, कोणी दोन. स्पेलिंगची ही रूपं नोंदवून ठेवावीत, पण त्यांच्यासाठी वेगळी पानं करण्याचं कारण नाही. ती एकच आहेत हे गुगलला कळतं.

शोध पूर्ण केल्यावर मधे दिसणारे 'लोक हेही विचारतात' छापाचे प्रश्न आणि तळाशी असलेले संबंधित शोधही उचलायचे. तळाच्या एखाद्या शोधावर टिचकी मारली की त्याच्या तळाशी नवे मिळतात. दोन पायऱ्या खाली जावं. त्यापुढे गेलं की पुणे-बंगळूरचे डबे सुरू होतात.

नवी मुंबईत सेक्टरचा घोळ कायमचा आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर, प्रत्येक नोडची (म्हणजे वसाहतीची) सेक्टर मोजणी एकपासून सुरू होते. त्यामुळे नुसता 'सेक्टर 10 टिफिन' हा शब्द कोणाचाच नाही. नोडचं नाव बरोबर असेल तरच तो यादीत घ्यायचा. नावांचंही तसंच. बेलापूर अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे आणि नेरूळ नावाचं गाव गोव्यातही. खारघर हे नाव या बाबतीत सोयीचं आहे. शिवाय नोव्हेंबर 2023 मध्ये बेलापूर–पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून उत्सव चौक, सेंट्रल पार्क, पेठपाडा ही स्थानकांचीही नावं आहेत. ठिकाणाच्या रकान्यात ती घालून बघायला हवीत.

ठिकाणाच्या याच फेऱ्यात एक गोष्ट सापडते जी 'टिफिन' शब्दाला धरून बसलं तर कधीच सापडली नसती. खारघरमध्ये टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र आहे. कर्करोगावरच्या उपचारासाठी लांबून लोक येतात, काही दिवस ते काही महिने जवळपास खोली घेऊन राहतात. 'टाटा हॉस्पिटल खारघर' लिहून पुढे 'जेवण', 'फूड', 'टिफिन', 'राहण्याची सोय' असे शब्द जोडून पाहावेत. ही माणसं 'मंथली मेस' शोधत नाहीत. त्यांना उद्यापासून, दोन वेळचं, कमी तिखट, आठ-पंधरा दिवसांसाठी घरचं जेवण हवं असतं. शोध थोडे असतील, पण गरज तातडीची आहे आणि त्यांच्यासाठी नीट लिहिलेलं पान सहसा नसतं. या प्रकरणातली सगळ्यात मोलाची ओळ हीच.

कीवर्ड प्लॅनर: फुकट, पण पट्ट्यांत

कीवर्ड प्लॅनर म्हणजे कोणता शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो ते सांगणारं गुगलचं साधन. त्यासाठी गुगल ॲड्सचं, म्हणजे गुगलवर जाहिरात देण्याचं, खातं लागतं. खातं उघडताना गुगल थेट जाहिरात मोहीम बनवायला लावतो. तिथे एक्स्पर्ट मोडवर जाऊन मोहिमेशिवाय खातं उघडण्याचा पर्याय शोधावा. स्क्रीनची मांडणी वरचेवर बदलते, काही वेळा पैसे भरण्याची माहितीही मागितली जाते. चुकून मोहीम तयार झालीच तर ती लगेच थांबवायची. नाहीतर ती चालू राहते आणि पैसे कापले जातात.

आत गेल्यावर 'नवे कीवर्ड शोधा' मध्ये एका वेळी 10 बीजशब्द टाकता येतात. तिथेच वेबसाइटचा पत्ता देऊनही शब्द काढता येतात. आपल्या पानाचा पत्ता देऊन फारसं निघत नाही. त्यापेक्षा जस्टडायल किंवा सुलेखावरच्या खारघर-टिफिन यादीच्या पानाचा पत्ता द्यावा आणि 'फक्त हे पान' निवडावं. भाषा 'सर्व भाषा' ठेवावी, कारण एकच माणूस सकाळी इंग्रजीत शोधतो आणि संध्याकाळी रोमन मराठीत.

मोहिमेवर खर्च नसलेल्या खात्याला महिन्याचे शोध नेमके दिसत नाहीत, पट्टे दिसतात: 10 ते 100, 100 ते 1 हजार, 1 हजार ते 10 हजार. दुसऱ्या पट्ट्यातला शब्द 110 चाही असू शकतो आणि 950 चाही. त्यामुळे एकाच पट्ट्यातल्या दोन शब्दांत कमीजास्त ठरवत बसू नये. शिवाय जवळपासची रूपं प्लॅनर एकाच आकड्यात मिसळतो, म्हणजे 'टिफिन सर्व्हिस' आणि 'टिफिन सर्व्हिसेस' दोघांसमोर तोच पट्टा. तो दोनदा मोजला की बेरीज उगाच फुगते.

'स्पर्धा' या रकान्याने तर भल्याभल्यांची फसगत होते. ती जाहिरातदारांची स्पर्धा आहे. 'लो' दिसलं म्हणून फुकटच्या निकालांत वर येणं सोपं, असा अर्थ अजिबात निघत नाही. त्याच्या शेजारचा बोलीचा रकाना मात्र उपयोगी आहे. जाहिरातदार ज्या शब्दाला जास्त पैसे मोजायला तयार आहेत, त्या शब्दामागे विकत घेणारा माणूस आहे असा तो साधा संकेत.

ठिकाण निवडताना खारघरचा पेच येतो. लोक त्याला नवी मुंबई म्हणतात, पण ते रायगड जिल्ह्यात, 2016 साली झालेल्या पनवेल महापालिकेत येतं. ठिकाण फक्त 'नवी मुंबई' ठेवलं तर खारघरचे शोध त्यात धरले गेले आहेत असं गृहीत धरू नये. नवी मुंबई आणि पनवेल दोन्ही घालावं, 'खारघर' वेगळं मिळालं तर तेही. इतक्या लहान भागात बऱ्याच शब्दांसमोर आडवी रेघ येते. मग तीच यादी महाराष्ट्रावर लावून फक्त क्रम पाहायचा, म्हणजे 'जैन टिफिन' वर की 'डाएट टिफिन' वर. आकडा महाराष्ट्राचा आहे, आपल्या धंद्याच्या हिशेबात तो धरायचा नाही.

ट्रेंड्सला दोनच प्रश्न

गुगल ट्रेंड्समध्ये, म्हणजे शोधांचा चढउतार दाखवणाऱ्या फुकट साधनात, एका वेळी मोजक्याच शब्दांची तुलना होते. त्यातले 0 ते 100 हे शोधांचे आकडे नाहीत. निवडलेल्या काळातला सर्वांत वरचा बिंदू 100 धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवलेलं असतं. शून्य म्हणजे कोणीच शोधलं नाही असंही नव्हे. खारघर जोडलेल्या शब्दांना तिथे आलेखच मिळत नाही, म्हणून ते टाकू नयेत.

विचारायचं एवढंच: महाराष्ट्रात डब्याला मुख्यतः कोणता शब्द चालतो, आणि वर्षात चढ कधी असतो. पहिल्या प्रश्नात नुसता 'डबा' टाकला तर सगळं गढूळ होतं. त्यात मुलांच्या डब्याच्या रेसिपी येतात, स्टीलचे डबे येतात, मुंबईच्या डबेवाल्यांची माहिती येते, आणि रोमनमध्ये शेअर बाजारातलं बेकायदा डब्बा ट्रेडिंगसुद्धा. म्हणून 'टिफिन सर्व्हिस', 'मेस निअर मी', 'घरगुती डबा' असे जोडशब्द घ्यावेत. एकाच शब्दाची दोन रूपं अधिकचं चिन्ह देऊन एका रेषेत जोडता येतात. दुसऱ्या प्रश्नासाठी पाच वर्षांचा काळ लावून जून ते ऑगस्ट, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या महिन्यांत चढ दिसतो का ते पाहायचं. निदान तीन वर्षं तो तिथेच आला तरच खरा मानावा. त्या काळात 2020 किंवा 2021 येत असेल तर ती वर्षं धरू नयेत. तेव्हा वसतिगृहंच रिकामी होती.

चढ जूनमध्ये असेल तर पान एप्रिलमध्ये तयार हवं. नव्या पानाला निकालांत जागा मिळायला आठवडे लागतात.

घरातच पडून असलेली माहिती

सर्च कन्सोल (आपली साइट कोणत्या शोधांत दिसते ते सांगणारं गुगलचं फुकट साधन) वेबसाइटला जोडलेलं नसेल तर याच दिवशी जोडावं, कारण जोडल्यानंतरचीच माहिती साठते. कामगिरीच्या अहवालात 16 महिन्यांपर्यंतचं दिसतं, स्क्रीनवर जास्तीत जास्त 1000 ओळी. अगदी थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात. त्यामुळे ओळींची बेरीज एकूण आकड्यापेक्षा कमी भरते, त्यात बिघाड काही नाही. इथे देश कळतो, शहर कळत नाही. क्लिक सोडून आधी इम्प्रेशनच्या (पान निकालांत किती वेळा दिसलं त्या आकड्याच्या) उतरत्या क्रमाने लावायचं आणि सरासरी स्थान 8 ते 20 मध्ये असलेले शब्द वेगळे काढायचे. गुगल आपल्याला तिथे दाखवायला तयार आहे, पण पानावर त्या शब्दाचं उत्तर नीट दिलेलं नाही, असा बहुधा त्याचा अर्थ. 'वेलकम टू अवर किचन' सारख्या शीर्षकाचं पान अशा यादीत हमखास भरलेलं असतं.

याहून जवळचं साधन म्हणजे बिझनेस प्रोफाइलमधला 'परफॉर्मन्स'. नकाशावर किंवा शोधात कोणत्या शब्दांमुळे आपली नोंद दिसली, ते तिथे महिन्यानुसार मिळतं. लहान आकडे '15 पेक्षा कमी' असे येतात. ते टाकून देऊ नयेत. '15 पेक्षा कमी' मध्ये बसलेला 'जैन टिफिन खारघर' हा प्लॅनरमधल्या हजारांच्या शब्दापेक्षा या घराला जास्त कामाचा आहे. आणि हाच अहवाल फार थोडे दुकानदार उघडून बघतात, याची खंत वाटते.

बिंग वेबमास्टर टूल्समध्येही फुकट कीवर्ड-शोध आहे आणि सर्च कन्सोलमधून साइट थेट तिथे आणता येते. बाकीच्या साधनांच्या फुकट मर्यादा सारख्या बदलतात. या कामाला त्यांची गरज पडत नाही.

चाळणी

सगळं एका गुगल शीटमध्ये आणल्यावर दीडदोनशे ओळी होतात. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल सरळ दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरीची चिन्हं फुटतात, म्हणून शीटमध्येच आयात करावी. ट्रिम आणि लोअर ही शीटची सूत्रं लावून मोकळ्या जागा आणि मोठी-लहान रोमन अक्षरं एकसारखी करायची, मग जुळ्या ओळी काढणारं युनिक. तरीही देवनागरीतल्या जुळ्या ओळी उरतात. 'ॲक्ट्रेक' मधला पहिला 'ॲ' काही कळफलक एकच अक्षर म्हणून लिहितात आणि काही 'अ' वर चंद्र चढवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शीटला ते दोन वेगळे शब्द वाटतात. अशा ओळी हाताने एक कराव्या लागतात.

मग रेसिपी, रिकामे डबे, नोकरीच्या जाहिराती आणि आपण न पोहोचवणारे भाग गाळायचे. उरलेल्या चाळीसेक शब्दांपैकी प्रत्येक शब्द खारघरमध्ये उभं राहून मोबाइलवर शोधायचा आणि पहिल्या पानावर काय आहे ते शेजारच्या रकान्यात लिहायचं. नकाशा आणि तीन नोंदी? डिरेक्टरीच्या याद्या? एखाद्या घरगुती डब्याची स्वतःची वेबसाइट? की व्हिडिओ आणि रेसिपी? हे काम कंटाळवाणं आहे, दोन तास घेतं आणि टाळता येत नाही.

'टिफिन सर्व्हिस इन नवी मुंबई' इथेच बाद. पट्टा मोठा, पण निकालांत डिरेक्टऱ्या ठाण मांडून बसलेल्या, आणि शोधणारा ऐरोलीचा असला तर तिथे डबा पोहोचणारही नाही.

'टिफिन सर्व्हिस निअर मी' आणि 'टिफिन सर्व्हिस इन खारघर' यांवर वर नकाशा येतो. तिथली लढाई वेबसाइटची नाही, प्रोफाइलची. स्थानिक निकालांसाठी गुगल तीन गोष्टी सांगतो: शोधाशी जुळणं, अंतर आणि ठळकपणा. अंतर आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन्हींसाठी योग्य श्रेणी, सेवांच्या यादीत 'महिन्याचा शाकाहारी डबा', 'जैन डबा' अशा वेगळ्या नोंदी, भाव, पोळ्या-भाजीचे स्वतः काढलेले फोटो आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय. घरातून धंदा असल्यामुळे पत्ता लपवून सेवेचा परिसर द्यावा. 20 पर्यंत भाग देता येतात, पण जिथे मुलगा खरंच जातो तेवढेच द्यावेत. धंद्याच्या नावातच 'बेस्ट टिफिन सर्व्हिस खारघर' कोंबणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पानावर 'निअर मी' लिहिण्याचाही उपयोग नाही, जवळ काय आहे ते गुगल शोधणाऱ्याच्या ठिकाणावरून ठरवतो.

'मेस इन खारघर' वर थोडं थांबावं लागतं. विद्यार्थी हा शब्द डब्यासाठीही वापरतात आणि बसून जेवण्याच्या जागेसाठीही. निकालांत टेबल-खुर्च्यांचे फोटो आणि वसतिगृहं जास्त असतील तर गुगलने दुसरा अर्थ धरला आहे. या घरात बसून जेवायची सोय नाही, तेव्हा वेगळं पान नको. मुख्य पानावरच्या प्रश्नोत्तरांत 'मेससारखं महिन्याचं आहे का?' एवढा एक प्रश्न पुरे.

सेक्टरनिहाय चाळीस पानं करण्याचा मोह इथेच होतो. फक्त सेक्टरचा आकडा बदललेली पानं गुगलच्या स्पॅम धोरणात दारपानं (डोअरवे पेजेस, म्हणजे फक्त शोधात दिसण्यासाठी केलेली जवळपास सारखी पानं) म्हणून धरली जातात. त्याऐवजी एकाच पानावर तक्ता: सेक्टर, डबा पोहोचण्याची वेळ, पोहोचवण्याचं शुल्क. वाचणाऱ्यालाही तेच हवं असतं.

शेवटी दोन पानं ठरतात. पहिलं मुख्य पान, शीर्षक 'खारघरमध्ये महिन्याचा घरगुती शाकाहारी डबा: भाव, वेळा, सेक्टर'. खारघरची वस्ती मिश्र असल्याने त्याची इंग्रजी आवृत्ती आधी, मराठी दुसऱ्या पत्त्यावर, दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. ट्रायल डबा, रविवार, भात नको असेल तर काय, हे व्हॉट्सॲपवरचे प्रश्न त्याच शब्दांत उपशीर्षकं बनतात. जैन डबा याच पानावरचा एक भाग.

दुसरं पान ॲक्ट्रेकजवळ राहणाऱ्या नातेवाइकांसाठी. यावर हिंदी आवृत्ती हवीच, कारण लोक सगळ्या देशातून येतात. किमान किती दिवस, एका दिवसासाठी मिळेल का, किती वाजेपर्यंत सांगितलं तर त्याच दिवशी येईल, डबा खोलीवर की फाटकाशी, हे पहिल्याच परिच्छेदात. आपला रुग्णालयाशी काही संबंध नाही हे स्पष्ट लिहायचं. 'कॅन्सरसाठी खास आहार' असा शब्द कितीही शोधला जात असला तरी पानावर घालायचा नाही. रुग्णाचं पथ्य डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात. तेल-तिखट कमी करून देऊ, एवढंच खरं आहे आणि तेवढंच लिहायचं.

पानं चढवल्यावर सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासून अनुक्रमणासाठी (इंडेक्सिंग, म्हणजे गुगलने पान आपल्या सूचीत घेण्यासाठी) विनंती करायची आणि पहिले 28 दिवस शीर्षकाला हात लावायचा नाही. त्यानंतर पानाचा फिल्टर लावून त्या-त्या पानाचे शोध वेगळे पाहायचे. मुख्य पान आणि रुग्णालयाचं पान एकाच शब्दावर आलटूनपालटून दिसत असतील तर मुख्य पानावरचा ॲक्ट्रेकचा उल्लेख एका ओळीवर आणून तिथून दुसऱ्या पानाला दुवा द्यायचा. रुग्णालयाच्या पानावर 'रूम', 'धर्मशाळा', 'राहण्याची सोय' असे शोध इम्प्रेशनमध्ये येऊ लागतात. त्यांच्यामागे धावून खोल्यांचं पान करू नये, डबा विकणाऱ्याला ती माहिती ताजी ठेवता येत नाही. आणि नवा फोन आला की 'कुठून कळलं?' विचारून उत्तर त्याच शीटमध्ये, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, तारखेसह लिहायचं.